चार नंबरचा पाय

मी तोंडाची फटकळ. बडनेऱ्यात त्याचं कुणाला काही वाटत नाही; पुण्याच्या जावेला मात्र वाटतं, की मी उठल्यापासून झोपेपर्यंत भांडतच असते. तर फटकळपणानेच आधी सांगून टाकते: अकोल्याच्या एका दवाखान्यात मी माझ्या हाताने नऊ माणसं खोडली. जिवंत आहेत सगळी. दोन-तीन लंगडतात. कागदावर तेवढी नाहीत.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, हाडांच्या विभागात. रोज सकाळी बडनेऱ्याहून गाडी, अकोल्याला उतरून ऑटो, मग दिवसभर लोकांना उभं करणं, चालवणं, त्यांच्या शिव्या खाणं. सासूबाई शेजारणीला सांगतात, "आमची सून पाय दाबायच्या नोकरीत आहे." आधी मी चिडायचे. आता म्हणते, सांगा, काय सांगायचं ते.

आमचे विभागप्रमुख, ज्यांना मी इथे नुसतं 'सर' म्हणते, हाताने फार चांगले सर्जन. त्यांच्या डोक्यात बरीच वर्षं एक प्रश्न होता. घोटा मोडला की आत धातूची पट्टी अन् स्क्रू टाकतात आणि मग सहा आठवडे पाय जमिनीला टेकवू देत नाहीत. आमच्याकडे बाई सहा आठवडे खाटेवर बसली की अख्खं घर बसतं. सर म्हणायचे, दुसऱ्याच दिवसापासून पाय टेकवला तर बिघडतं काय? दुसरीकडे टेकवतात म्हणे. आपण आपल्या लोकांवर रीतसर करून पाहू. रीतसर म्हणजे असं: बंद पाकिटांत चिठ्ठ्या. अर्ध्यांत 'चालवा', अर्ध्यांत 'थांबा'. पेशंटने पाकीट उचलायचं, निघेल तसं करायचं, अन् वर्षभर त्याच्या मागे राहून कुणाचा पाय कसा झाला ते मांडायचं.

कागदपत्रं सरांनी माझ्याकडे दिली अन् मी हुरळले. बारा वर्षं लोकांचे गुडघे वाकवल्यावर कुणीतरी मला डोकं वापरायला सांगितलं होतं. पाय बरा झाला की नाही हे मोजायची एक तयार प्रश्नावली होती, बाहेर देशातली. जिना चढता येतो का, पळता येतं का, बूट घालता येतो का. मी म्हटलं, सर, आमच्या बायांचा बुटाशी काय संबंध? अन् हट्टाने एक ओळ वाढवून घेतली: 'उकिडवं बसता येतं का?' सर हसले, पण ओळ राहू दिली.

अशा अभ्यासाला एक अट असते. एक सरकारी संकेतस्थळ आहे, तिथे अभ्यास नोंदवावा लागतो आणि तोही पहिला पेशंट घेण्याच्या आधी. कुणावर काय करणार, किती जणांवर, शेवटी काय मोजणार, हे सगळं आधी लिहून द्यायचं. मग ते जगात कुणालाही वाचता येतं. कारण साधं आहे, माणूस लबाड असतो. निकाल मनासारखा आला नाही की 'आम्ही हे मोजतच नव्हतो' म्हणायला मोकळा. आधी लिहून ठेवलं की पळायला जागा उरत नाही. पेशंट घेऊन बसलात अन् मग नोंदवायला गेलात, तर ते संकेतस्थळ घेतच नाही. बैल गेला अन् झोपा केला, हे तिथे चालत नाही. हे सगळं मला तोंडपाठ होतं. नव्या डॉक्टर पोरांना मीच शिकवायचे, हात नाचवून. त्याचीच जास्त लाज वाटते.

घोळ झाला तो एका शब्दाने. अभ्यास त्या संकेतस्थळावर टाकायचा, त्यालाही आम्ही 'नोंदणी' म्हणायचो. पेशंटला अभ्यासात घेऊन रजिस्टरमध्ये त्याचं नाव लिहायचं, तीही 'नोंदणी'. केसपेपरच्या खिडकीवरही हीच पाटी. दिवसभर कानावर तोच शब्द पडायचा आणि तो नेमका कशाबद्दल चाललाय हे विचारायची कुणाला गरज वाटत नव्हती.

संकेतस्थळाचा अर्ज मी भरून ठेवला होता. शेवटचं बटण सरांनी दाबायचं, असं मी धरलं होतं, कारण खातं त्यांच्या नावाचं. सरांनी पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून माझ्या फाईलमध्ये टाकला होता आणि बटण मीच दाबणार, असं त्यांनी धरलं होतं. ती चिठ्ठी मला नंतर सापडली, एका औषधाच्या जाहिरातीच्या कागदाला चिकटलेली. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात सर बाहेरगावी परिषदेला गेले होते. जाताना म्हणाले, पेशंट आला तर घेऊन ठेवा. पहिला पेशंट आला, मी त्याची सही घेतली, रजिस्टरमध्ये नाव लिहिलं आणि पेनाचं टोपण लावते न लावते तोच सरांचा फोन.

"मॅडम, नोंदणी झाली का?"

"झाली सर."

"व्वा! मग आता येऊ द्या पेशंट."

एवढंच बोलणं. मी खुशीत चहा प्यायला गेले.

चार नंबरच्या मावशी आल्या पोळ्याच्या करीला, म्हणजे सणाच्या दुसऱ्या दिवशी. अकोटजवळच्या खेड्यातल्या. शाळेत खिचडी शिजवायचं काम. पोळ्याच्या संध्याकाळी दारात बैलांची पूजा करताना बैलाने मान झटकली, मावशी अंगणात पडल्या आणि घोटा सुजून भोपळा झाला. सरांनी ऑपरेशन केलं. त्याच्या आधी मी त्यांना अभ्यासाचा कागद वाचून दाखवला, अक्षर न् अक्षर. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मला वाटलं झोपल्या.

"म्हंजे ह्याच्यानं माहा पाय लवकर बरा होईन?"

"सांगता येत नाही मावशी. तेच पाहून राहिलो आम्ही."

"मंग मले काय भेटते?"

"तुम्हाला काहीच नाही. पण तुमच्या पायावरून पुढच्या लोकांचं कसं करायचं, ते कळेल."

त्यांनी डोळे उघडले. "म्हंजे माहा पाय पुस्तकात जाईन?"

"जाईल न."

"मंग लिहा माह्यं नाव. चांगलं ठळक लिहा." आणि सही केली, पाच मिनिटं लावून, एकेक अक्षर कोरून. पाकीट उचललं. आत 'चालवा' निघालं. मी त्यांच्या कार्डावर तारीख टाकली, क्रमांक चार लिहिला आणि कार्ड त्यांनी पोलक्यात ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना उभं केलं. "अवं माय वं! अवं मेली वं!" सगळा वॉर्ड गोळा झाला. मी म्हटलं, "मावशी, नखरे नका करू, टेकवा." माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून त्यांनी पाय टेकवला. सहा पावलं टाकली. मी टाळ्या वाजवल्या. ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दिवाळी झाली. एथिक्स कमिटीला, म्हणजे दवाखान्यात कुणावर काय अभ्यास चाललाय ते तपासणाऱ्या समितीला, अहवाल द्यायचा होता. मी तो भरून सरांपुढे ठेवला. त्यात एक रकाना होता, 'नोंदणी क्रमांक'. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: १ ते ९.

सरांनी चष्मा काढला. "हे काय आहे?"

"क्रमांक, सर. नऊ पेशंट झाले न आपले."

"अहो, हा नाही. संकेतस्थळाचा."

"तो तुमच्याकडे असेल न?"

फाईल चाळून ती चिठ्ठी मीच शोधून काढली, लॅपटॉप उघडला. अर्ज मी ठेवला होता तसाच होता, वर 'मसुदा' असं लिहिलेला. "भरवशाच्या म्हशीला टोणगा," सर म्हणाले. कुणाला म्हणाले ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. खरं तर म्हशी आम्ही दोघंही होतो.

त्याच आठवड्यात दुसरंही एक कळून चुकलं होतं. नऊपैकी ज्या पाच जणांना आम्ही लगेच चालवलं, त्यांतल्या तिघांच्या पट्ट्या जागच्या हलल्या होत्या. तिघीही बायाच, पन्नाशी ओलांडलेल्या, हाडं भुसभुशीत. त्यांत मावशी. त्यांचं दुसरं ऑपरेशन झालं. सर चार तास उभे होते आणि बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण सर वाईट माणूस नाहीत. वाईट असते तर मला लिहायला सोपं गेलं असतं.

मी म्हटलं, "सर, कमिटीला खरं सांगून टाकू. चूक झाली, नोंदणीच्या आधी नऊ घेतले. नऊ जणांचं काय झालं तेही सांगू."

"मग संकेतस्थळ घेणार नाही. ते नाही तर कोणतंही नियतकालिक छापणार नाही. म्हणजे सगळंच कचऱ्यात. त्या नऊ जणांचा त्राससुद्धा." त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "पहिले नऊ सराव होता असं धरू."

"सराव?"

"हो. पहिला पेशंट पुढच्या सोमवारी. वय पन्नासपर्यंतच ठेवू, त्यापुढे हाडं दगा देतात. आणि ती उकिडव्याची ओळ काढा, ती कुठेच कुणी विचारत नाही."

मी भांडायला हवं होतं. भाजीवाल्याशी पावशेर मिरचीवरून भांडणारी मी, तिथे माझी दातखीळ बसली. माझीही चूक त्याच अर्जात गाडली जाणार होती न! सर मला वाचवत होते अन् मी त्यांना. आपलेच दात, आपलेच ओठ. मी तिथेच बसून कमिटीच्या अहवालात पेशंट शून्य लिहिले, अर्जात नवीन तारीख टाकली, वय बदललं, माझी ओळ खोडली आणि बटण दाबलं. संकेतस्थळाचा नंबर यायला काही दिवस लागले. तोवर संकेतस्थळवाल्यांची एक शंका आली, तिचंही उत्तर मीच लिहिलं, फार विनयाने. मग नवीन रजिस्टर आणलं आणि दहाव्या पेशंटला क्रमांक दिला: १.

त्या दिवशी गाडीत मला रडू फुटलं. समोरच्या बाईला वाटलं, माझ्या घरी काही वाईट झालं. तिने काही विचारलं नाही, पदरातले शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले आणि मूर्तिजापूरला उतरून गेली.

मग काही महिन्यांनी मावशी तपासणीला आल्या. खिडकीवर म्हणाल्या, "चार नंबर." खिडकीवरच्या माणसाने चार नंबरचा एक्स-रे काढून दिला. मावशी काठी टेकत तो माझ्याकडे घेऊन आल्या आणि उजेडाकडे धरला.

"म्याडम, हा पाय माहा नोहे."

"कशावरून?"

"माह्या पट्टीले सहा स्क्रू हायेत. याले पाच. अन् हा पाय सरका हाय, माहा वाकडा हाय."

खरंच, तो नव्या चार नंबरचा होता, कुठल्याशा तरण्या पोराचा, सरळसोट. मी म्हटलं, खिडकीवरच्याची चूक. बिचाऱ्याची काही चूक नव्हती. मावशींनी विचारलं, "मंग माहा नंबर कोणाले देला?" मी पेन उघडलं. त्यांच्या कार्डावर चारच्या आधी 'जुना' असं लिहिलं. जुना चार. त्यांनी ते मला वाचून दाखवायला लावलं आणि तोंडभर हसल्या. "म्हंजे मी अगुदरची! याच्याहून मोठी!"

पुढे अभ्यास नीट पार पडला. तरणी हाडं, भराभर जुळली. निबंध छापून आला, सरांचा सत्कार झाला, आम्हाला पेढे मिळाले. वॉर्डाच्या भिंतीवर एक कागद लागला: घोट्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवसापासून पाय टेकवणे. वयाचा त्यात उल्लेख नाही. कागद लावणाऱ्याने निबंधाचं शेवटचं वाक्य तेवढं वाचलं असणार. अन् पेशंटना उभं करणारी कोण, तर मी. साठीची बाई आली की मी कागदावर लिहिते, 'आज चक्कर येते, उद्या पाहू.' उद्या लिहिते, 'सूज आहे.' असं करत करत सहा आठवडे काढते. रजेवर गेले की जीव थाऱ्यावर नसतो, कारण बदलीवर येणारी पोरगी भिंतीवरचा कागद वाचते आणि त्याप्रमाणे करते. तिला मी काय सांगू? कशाच्या आधारावर सांगू? ज्या तीन बाया दाखवता आल्या असत्या, त्या मीच खोडल्या.

जुनं रजिस्टर मी फेकलं नाही. बडनेऱ्याच्या घरी कपाटात आहे, लोकरीच्या कपड्यांखाली. नवऱ्याने एकदा विचारलं, हे काय? म्हटलं, दवाखान्याचं जुनं आहे, राहू दे. तो बिचारा परत विचारत नाही.

मागच्या महिन्यात मावशी पुन्हा आल्या. आता खिचडी दुसरी बाई शिजवते. शाळेची चूल खाली आहे अन् मावशींना उकिडवं बसता येत नाही. "मी आता तांदूळ निवडतो, खुर्चीवर बसून," त्या म्हणाल्या. "सायबीण झाली मी." हसल्या. मग पिशवीतून दोन छापील कागद काढले, प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळलेले.

"मास्तरनं मोबाईलवर पाह्यलं अन् छापून देलं. म्या त्याले कार्ड दाखोलं होतं न, का माहा पाय पुस्तकात हाय. तं तो म्हणे, पाहू."

आमच्याच अभ्यासाचं पान होतं ते, संकेतस्थळावरचं. कुणालाही वाचता यावं म्हणूनच तर असतं. मास्तरने दोन ठिकाणी लाल पेनाने खुणा केल्या होत्या, पोरांच्या वह्यांवर करतात तशा.

"तो म्हणे, यायचा पहिला पेशंट दिवाळीनंतरचा हाय. मी तं पोळ्याच्या करीले आली होती. अन् वय म्हणे पन्नासलोक. मले तं तवाच चौपन्न होतं. मास्तर म्हणे, मावशी, तुमी याच्यात नाई." त्यांनी माझा हात धरला. "म्या म्हणलं, कावून नाई? म्याडमनं माह्यासमोर लिवलं. माह्यावरून लोकायचं चांगलं झालं. तो नाई म्हणते. तुमी त्याले एक चिठ्ठी लिहून द्या, का मी याच्यात हाव."

त्या जाब विचारायला आल्या नव्हत्या. मास्तर खोटा आहे, एवढं माझ्याकडून लिहून न्यायला आल्या होत्या. चिडल्या असत्या, दोन शिव्या दिल्या असत्या, तर मी पाय तरी धरले असते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पलीकडच्या खोलीत सर पेशंट तपासत होते. त्यांचा आवाज ऐकू येत होता. निवृत्तीला थोडे महिने राहिलेत त्यांच्या. मी म्हटलं, "मावशी, तेव्हा काय झालं..." आणि पुढे शब्द सुचेना. मला, जिला गप्प बस म्हणायला घरात दोन माणसं लागतात.

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. मग मलाच समजावल्यासारखं म्हणाल्या, "राहून गेलं असन. तुमाले का कमी कामं हायेत? जाऊ द्या. आता लिहा न. पेन तं हातातच हाय तुमच्या."

आणि पोलक्यातून कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. कडा मऊ झालेलं, घामाने पिवळं पडलेलं. जुना चार. त्यावर जागा उरली नव्हती, म्हणून मी ते उलटं केलं आणि मागे पुढच्या तपासणीची तारीख लिहिली. त्यांना आकडे वाचता येतात, बाकी अक्षरं लावत लावत. ही नुसती तारीख आहे हे त्यांना ओळखू येऊ नये म्हणून मी ती अक्षरांत लिहिली. हे मी ठरवून केलं. खाली सही केली, शिक्का मारला. शिक्का पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"झाली नोंदणी?"

"झाली मावशी."

त्यांनी कार्डावर फुंकर घातली, शाई वाळू दिली आणि कागदांसकट ते पिशवीत ठेवलं. अकोटची बस गाठायची होती. मी दारापर्यंत त्यांच्यासोबत गेले. सरांनी फोनवर हेच विचारलं होतं, तेव्हा प्रश्न मला कळला नव्हता. ह्या वेळी नीट कळला होता.